जो हरला त्याने उठावे

खलीलभाईंचा हात माझ्या खांद्यावर पहिल्यांदा पडला तो मला खुर्चीतून उठवण्यासाठी. चाकूरहून नांदेडला कॉलेजसाठी येऊन मला तेव्हा तीनच दिवस झाले होते. खोलीवरच्या मुलांनी सांगितलं होतं की स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत 'चाँद व्हिडिओ गेम' नावाचं दुकान आहे आणि तिथे टीव्हीतली गाडी आपल्याला चालवता येते. टीव्ही चाकूरला आमच्या घरीही होता, पण त्यातली गाडी नेहमी दुसराच कुणीतरी चालवायचा. मी पाऊण तास रांगेत उभा राहिलो, खुर्चीत बसलो आणि पहिल्याच वळणावर गाडी झाडावर घातली. दुसऱ्यांदा तेच झाड. तिसऱ्यांदाही तेच. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं. मला वाटलं, अभिनंदन असेल. मी रिमोट धरून ऐटीत बसून राहिलो. तेव्हा तो हात आला.

"उठा."

"अजून एकदा बसतो की. पैसे देतो."

"पैशाचं न्हाई हो. पैशे देऊन बसायचं असंल तर पुढं थेटर हाय. इथं हरला की उठायचं." त्यांनी वर बोट दाखवलं. चार टीव्हींच्या वर एका पिवळ्या पत्र्यावर पेंटरनं लाल अक्षरांत लिहिलं होतं : जो हरला त्याने उठावे. "कुठले तुमी?"

"चाकूर."

"हां. उठा, चाकूर. बसा, नायगाव."

माझ्यामागे उभा असलेला नायगावचा मुलगा बसला आणि त्यानं ते झाड सहज चुकवलं. हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून मी चाकूर झालो. खलीलभाईंनी माझं खरं नाव पुढची पाच वर्षं विचारलं नाही आणि कळल्यावरही वापरलं नाही. रांगेतला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी एक गाव होता. "ए मुखेड, भिंतीला टेकू नको." "उदगीर, तुमचा नंबर लोह्याच्या मागं." हा मान फक्त रांगेतल्यांचा. चहावाला, वीजबिलवाला, रस्ता चुकून आत आलेला माणूस, यांना ते साहेब, मियां, बेटा अशा सर्वसाधारण हाका मारत. गावाच्या नावानं हाक आली की समजायचं, आपण खेळाडू.

माणूस अंगानं किडकिडीत, बोटं मात्र लांब आणि फार हुशार. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं भिंग डोळ्याला लावून लावून खलीलभाईंना एक डोळा मिटून बघायची सवय लागली होती. भिंग नसतानाही ते माणसाकडे तसंच बघत, जणू आतलं कुठलं चाक अडकलंय ते शोधत आहेत. रिमोटची बटणं बसली की सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून ते आत रबर बसवत. कंपनीच्या रबरापेक्षा ते जास्त टिकायचं आणि त्याला पंक्चरच्या दुकानाचा वास यायचा. आजही तो वास आला की मला हरल्यासारखं वाटतं.

दुकानाचा कायदा एकच आणि तो पाटीवर लिहिलेला. पण कायदा म्हटला की त्यात अडचणी येतात, आणि त्या सोडवण्यात खलीलभाईंना खेळापेक्षा जास्त रस होता. उदाहरणार्थ, डाव ऐन रंगात आलेला असताना लाइट गेली तर? रांग ओरडायची, "उठव, त्याला उठव!" खलीलभाई मेणबत्ती लावत म्हणायचे, "लाइट गेली म्हंजे कुणी हरला न्हाई. डाव उभा हाय. बसून राहा." मग खुर्चीतला माणूस काळ्या पडद्यासमोर रिमोट धरून तास-दीड तास बसून राहायचा. लघवीला जायची सोय नाही, कारण उठला की हरला. अशा वेळी लोह्याच्या एका पोराची झालेली अवस्था मी घरात अनेकदा अभिनयासकट सांगितली आहे. आमच्या ऋतुजाला ती गोष्ट लहानपणी फार आवडायची.

एकदा एक पुढारी कुठल्याशा उद्घाटनाचं निमंत्रण द्यायला दुकानात शिरले. सगळी रांग ताठ झाली, बसलेले चौघेही अर्धवट उठले. खलीलभाई स्टुलावर बसून रिमोटच्या तुटलेल्या वायरला डाग देत होते. ते बसूनच राहिले. बरोबरचा कार्यकर्ता म्हणाला, "अहो, साहेब आलेत, उठा की." खलीलभाईंनी एक डोळा मिटून साहेबांकडे पाहिलं आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "माफ करा साहेब, मी हरलो न्हाई." साहेब हसले म्हणून बरं. नाहीतर दुकान उठलं असतं.

हरल्यावर मात्र ते उठत. पेपर तपासायला आलेले देगलूरचे एक मास्तर, धोतर नेसणारे, एका संध्याकाळी सहज म्हणून बसले आणि त्यांनी कुस्तीच्या खेळात खलीलभाईंना सलग तीनदा पाडलं. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या रांगेसमोर खलीलभाई उठले, खुर्चीवर हात फिरवून धूळ झटकली आणि म्हणाले, "बसा, देगलूर." त्या 'बसा'मध्ये जेवढी इज्जत होती, तेवढी माझ्या लग्नात माझ्या वाट्याला आली नाही. लग्नाला ते चाकूरला आले होते. अक्षता टाकून झाल्यावर कानाशी येऊन म्हणाले, "लई चांगलं झालं, चाकूर. पर ध्यानात ठेवा, हे काय खेळ न्हाई. ह्यात कुणीच उठत न्हाई."

हे त्यांचं तत्त्वज्ञान. ज्यात हरता येत नाही तो खेळ नाही. निवडणूक खेळ, शेती खेळ, परीक्षा खेळ. लग्न, नमाज आणि सिनेमा हे खेळ नाहीत. मी याला फार खोल विचार समजायचो. त्या खोल विचारामुळे माझ्याच घरात पुढे काय होणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

पुढे मी लातूरच्या एका कॉलेजात कारकून झालो. तिथेच ऋतुजा शिकली. शेवटच्या वर्षाला तिनं प्रकल्प म्हणून स्वतः एक व्हिडिओ गेम बनवला. नाव 'पाणंद'. चाकूरला आमच्या शेताकडे जाणारी, दोन्हीकडून बाभळीनं दाटलेली एक वाट आहे. माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, त्या वाटेनं चाळीसेक वर्षं रोज गेले आणि एके दिवशी जायचे थांबले. ऋतुजाच्या खेळात आपण त्या वाटेनं चालायचं, बस. बाभळीला अडकवलेली पिशवी दिसते, बांधावर चालू राहिलेला रेडिओ ऐकू येतो, धोंड्याखाली तंबाखूची डबी सापडते. शत्रू नाही, गोळी नाही, गुण नाहीत. पंचवीसेक मिनिटांत वाट तुरीच्या शेताशी संपते. तिथे एक दगड आहे. त्यावर बसता येतं. बसलं की तूर हलते, ऊन हळूहळू उतरतं. पुढे काही होत नाही. असल्या खेळांना जगभर 'चालण्याचे खेळ' म्हणतात आणि ते खेळ आहेत की नाहीत यावर शिकलेली माणसं भांडतात, हे मला ऋतुजानंच सांगितलं. मला वाटलं, लोकांना कामं नाहीत.

या खेळात माझाही वाटा आहे, फक्त पायांचा. चालण्याचा आवाज खरा हवा म्हणून ऋतुजानं माझ्या घोट्याला माइक बांधला आणि मला परसात आठवडाभर चालवलं. कधी खडीवर, कधी पाचोळ्यावर, कधी तुरीच्या धसकटांवर. शेजारच्या बाईंनी माझ्या पत्नीला, सुनंदाला, हळूच विचारलं, "काय हो, डॉक्टरनं सांगितलंय का?"

सुनंदाचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. पोरीनं बँकेची परीक्षा द्यावी असं तिचं म्हणणं, पुण्याला जाऊन खेळ बनवावेत असं पोरीचं. शेवटी माझ्यासमोर करार झाला. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात 'पाणंद'ला व्हिडिओ गेमच्या गटात पहिलं बक्षीस मिळालं तर ऋतुजाला पुण्यात एक वर्ष. नाही मिळालं तर बँकेचा फॉर्म.

आणि इथे मी माझी हुशारी दाखवली. प्राचार्यांनी विचारलं, "या क्षेत्रातला कुणी बाहेरचा परीक्षक आहे का?" मी छाती काढून म्हणालो, "सर, तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस आहे, नांदेडला." त्या गटात आपली मुलगी आहे हे मी प्राचार्यांना सांगितलं नाही आणि खलीलभाईंनाही सांगितलं नाही. माझ्या मते तो सभ्यपणा होता. मनात मात्र मी बक्षीस घरी आणून टीव्हीवर ठेवलंही होतं.

खलीलभाई इस्त्रीचा सदरा घालून आले. दोन प्राध्यापक आणि ते असे तिघे परीक्षक. ते प्रत्येक संगणकासमोर बसायचे, खेळायचे, हरायचे आणि समाधानानं उठायचे. मग 'पाणंद'ची पाळी आली. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा होतो, कारकुनानं चहा आणायचा नसतो तरी. ते चालू लागले. खर्र, खर्र, पाचोळा वाजू लागला. दहा पावलांत त्यांनी एक डोळा मिटला, मान वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"ही चाल चाकूरची हाय," ते म्हणाले. "डावा पाय घसटून राहिले तुमी."

दोन्ही प्राध्यापक माझ्या पायांकडे बघू लागले. खलीलभाईंनी एकदा ऋतुजाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा चालू लागले. वाट संपली. ते दगडावर बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझ्या ट्रेमधल्या चहावर साय आली.

"पुढं?" त्यांनी विचारलं.

"पुढं काही नाही, काका," ऋतुजा म्हणाली. "इथं बसायचं. वाटलं की उठायचं."

"वाटलं की?"

"हो."

"कुणी उठवत न्हाई?"

"नाही."

त्यांनी रिमोट खाली ठेवला. "बेटी, चीज लई उम्दा केलीस. माझ्या डोळ्याला पाणी आलं, खोटं बोलत न्हाई. पर हे खेळ न्हाई. खेळात वाटण्याचा सवालच न्हाई. हरला की उठायचं. हे दुसऱ्या गटात ठेवा. चित्राच्या म्हणा, गाण्याच्या म्हणा." प्राध्यापकांना व्हिडिओ गेममधलं काहीच कळत नव्हतं, त्यामुळे त्यांनी ताबडतोब माना डोलावल्या. त्या वर्षीचं बक्षीस डास मारायच्या खेळाला गेलं.

जाताना खलीलभाईंनी ऋतुजापुढे हात केला. "हे मला पेनड्राइव्हमध्ये दे. मशीनवर टाकून बघतो." तिनं दिला, पण त्यांच्या हातावर न ठेवता टेबलावर ठेवला. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. बस हलताना ते खिडकीतून म्हणाले, "तुमची पोरगी म्हणून खेळ म्हणलो असतो, तर पाटी उतरवून ठेवावी लागली असती, चाकूर."

घरी सुनंदानं तीन दिवस मला चहा दिला नाही. तिला बँकेचा फॉर्म हवा होता, तो तर मिळालाच होता. राग वेगळाच होता. "पोरीला बाद करायला माणूस कुठून आणला? नांदेडहून! बसभाडं कुणी दिलं? बापानं!" ऋतुजानं फॉर्म भरला, क्लास लावला आणि संगणकावर कापड टाकलं. हे कापड मला चहापेक्षा जास्त लागलं.

पंधरा दिवसांनी खलीलभाईंचा फोन आला. मी फोन घेऊन परसात गेलो.

"चाकूर, चार नंबरवर टाकलंय तुमच्या पोरीचं. आज एकजण दोन तास बसला, उठेच ना. मी म्हणलो, हरला का? म्हणे न्हाई. जिंकला का? म्हणे न्हाई. मंग कामून बसून राहिला? म्हणे, चालून राहिलो ना."

"मग उठवलं का नाही?"

"कुणासाठी उठवू?" ते म्हणाले. "रांगच न्हाई आता."

खरं म्हणजे रांग कधीच संपली होती. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल, ज्याचा तो घरी हरतो. चार टीव्हींच्या जागी दोन संगणक उरले होते, जुन्याच तीन आणि चार नंबरांवर, आणि पोट मोबाईल दुरुस्तीवर चालत होतं. फोनवर ते वाक्य ऐकताना माझ्या डोक्यात पहिल्यांदाच आलं की त्या पाटीतला कायदा खेळाचा नव्हताच. तो रांगेचा होता. मागे कुणी उभं आहे म्हणून पुढच्यानं उठायचं. एवढा विचार मी सहसा करत नाही, म्हणून कुणाला बोललो नाही.

फोन येत राहिले. दर आठवड्याला एखादा अहवाल. एकदा म्हणाले, "नायगावकडली एक बाई आली होती, माणूस दवाखान्यात दाखल. मोबाईल चार्जिंगला लावला आन् बसली चार नंबरवर. रिमोट धरायला येईना, मी शिकवलं. चालत चालत शेतात पोचली आन् काय म्हणली म्हाईत? 'तूर लई दाट पेरली हो ह्यांनी.'"

मी हसलो. "मग?"

"मंग काय. मोबाईल चार्ज झाला, तरी बसून राहिली. मी बी बोललो न्हाई."

तेवढ्यात मागून माझ्या हातातला फोन गेला. ऋतुजा कधीपासून उभी होती कोण जाणे.

"काका, मी ऋतुजा बोलतेय. मला एक सांगा. भातुकलीत कोण हरतं?"

तिनं स्पीकर लावला होता. पलीकडून आवाज आला, "कुणी न्हाई."

"तरी पोरी खेळतातच ना? का ती पण गाण्याच्या गटात टाकायची?"

"बेटी, भातुकलीत पोरींना उठवतं कोण? आई. जेवायला हाक मारती. म्हंजे उठवणारं कुणीतरी हाय. तुझ्यात कोण हाय?"

"कुणी नाही. तोच तर खेळ आहे."

"तेच तर माझ्या ध्यानात येईना," खलीलभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात वाद नव्हता, अडचण होती. भिंग लावूनही चाक दिसत नाही अशी. "मी रोज बसून बघून राहिलो."

ऋतुजानं फोन मला परत दिला आणि आत गेली. कापड मात्र तसंच राहिलं.

बँकेची पूर्वपरीक्षा ती पास झाली. घरातलं इतकं अडचणीचं यश मी दुसरं पाहिलेलं नाही. पेढे आणले, पण खाताना कुणी कुणाकडे बघितलं नाही. मुख्य परीक्षेचं केंद्र आलं नांदेड. सोबत मी गेलो. दुपारी पेपर सुटल्यावर ती म्हणाली, "बस कितीला आहे?" मी म्हणालो, "चारला," आणि ऑटोवाल्याला स्टेशनच्या गल्लीचं नाव सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण उतरली नाही.

दुकान उघडं होतं, आत मोबाईलची उघडलेली पोटं टेबलावर पसरलेली. ज्या भिंतीला टेकून आम्ही रांगेत उभे राहायचो, तिच्यावर डोक्यांच्या तेलाचा काळपट पट्टा अजून होता. चार नंबरच्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून, खलीलभाई बसले होते. पडद्यावर तुरीचं शेत आणि उतरतं ऊन. ते दगडावर बसले होते. हातात रिमोट होता, पण बोटं हलत नव्हती.

मी हाक मारणार होतो. ऋतुजानं माझा हात धरला. ती पुढे गेली आणि त्यांच्या खुर्चीमागे, भिंतीला न टेकता, उभी राहिली. बरोबर रांगेच्या जागी. माझ्या गोष्टी ऐकून ऐकून तिला ती जागा ठाऊक होती.

पडद्यावरची तूर हलत राहिली. पडद्याच्या काचेत तिची सावली त्यांना दिसली असणार, कारण त्यांचा एक डोळा मिटला. पण ते लगेच वळले नाहीत. आणखी थोडा वेळ बसले. मग रिमोट खाली ठेवला, गुडघ्यावर हात दिला, खुर्चीची पाठ धरली आणि सावकाश उठले. खुर्चीवर हात फिरवून धूळ झटकली.

"बसा, लातूर," ते म्हणाले.

ऋतुजा बसली नाही. "तुम्ही हरलात का काका?"

"न्हाई."

"मग उठलात कसे?"

खलीलभाईंनी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"वाटलं," ते म्हणाले.

तेव्हा ती बसली. तिला तो खेळ पाठ होता, तरी पहिल्यापासून चालत गेली. मी मागे उभा राहून माझी पावलं ऐकत होतो. डावा पाय खरंच घसटतो. मला राहवलं नाही. "खलीलभाई, म्हणजे आता याला खेळ म्हणायचं ना?"

"चाकूर," ते टेबलावरचा एक मोबाईल उचलत म्हणाले, "तुमी आधी ते झाड चुकवायला शिका."

चारची बस गेली. पाचची मिळाली. वाटेत चाकूर आलं तेव्हा अंधार पडला होता. ऋतुजानं खिडकीची काच सरकवली आणि शेताच्या बाजूला बघत राहिली. लातूरला घरी पोचलो तर सुनंदा भाजी निवडत होती. पेपर कसा गेला, हे तिनं विचारायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. सुनंदा खलीलभाईंना तीन-चारदाच भेटली होती, पण तो पुढारी, ते देगलूरचे मास्तर, ती लघवी आवरून बसलेली लोह्याची मूर्ती, हे सगळं तिनं माझ्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की त्या दुकानाचा कायदा तिला माझ्यापेक्षा जास्त समजत होता.

"उठले?" तिनं विचारलं.

"उठले."

"हरले नसताना?"

"हरले नसताना."

"आणि बसा कुणाला म्हणाले?"

"लातूरला."

सुनंदानं मेथीची काडी मोडली, पानं एकीकडे, देठ एकीकडे. बराच वेळ ती जुडी संपवत राहिली. मग हात झटकले. "करार बक्षिसाचा होता," ती म्हणाली. "पण ह्याच्या वरचं बक्षीस त्या प्राचार्याकडं तरी कुठं आहे? एक वर्ष. आजची तारीख भिंतीवर लिहून ठेवा." ऋतुजा आत गेली आणि संगणकावरचं कापड काढून तिनं ते आईच्याच हातात दिलं. सुनंदानं त्याला हात पुसले.

ती पुण्याला गेल्यावर सहा-सात महिन्यांनी खलीलभाई गेले. दुकानातच, दुपारी, बसल्या जागी. हैदराबादहून आलेल्या त्यांच्या मुलानं मला फोन केला. 'चाकूर' या नावानं अब्बांच्या मोबाईलमध्ये नंबर होता म्हणाला, तुमचं खरं नाव काय? मी सांगितलं. त्याला ते पटल्यासारखं वाटलं नाही.

मातीनंतर दोन दिवसांनी त्यानं दुकान उघडलं, सामान बघायला. तिथे आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान येणार होतं. "पाटी न्यायची तर न्या, अंकल," तो म्हणाला आणि मागच्या खोलीत खोकी बांधायला गेला. मी पाटी काढायला स्टूल घेतलं, मग ते परत ठेवलं. चार नंबरचं मशीन सुरू केलं. खुर्चीत बसलो. पाचोळा वाजू लागला, माझ्याच पायांचा. पिशवी आली, रेडिओ आला, डबी आली. कुठेही झाड आडवं आलं नाही. दगडावर जाऊन बसलो. नायगावकडली बाई म्हणाली ते खरं होतं, तूर दाटच पेरली होती.

ऊन उतरत गेलं. मागे रांग नव्हती, खांद्यावर हात आला नाही. त्या दुकानात मला पहिल्यांदाच कुणी उठवलं नाही. पाटी भिंतीवरच राहू दिली, आणि थोड्या वेळानं माझा मीच उठलो.